डबलकाकांचा मेल परत येतो

माझ्या काकांना अख्खी गल्ली डबलकाका म्हणते. तोंडावर म्हटलं तरी ते रागावत नाहीत, कारण नाकारायला जागाच नाही. कुलूप लावतात, ओढून बघतात, दहा पावलं जातात, परत येऊन पुन्हा ओढतात. फोन उचलला की "बोलतोय, बोलतोय." निघताना "येतो, येतो." काकू सांगते, लग्नाचं विचारायला आले तेव्हाही त्यांनी "हो ना? हो ना?" असं दोनदा विचारलं. काकूने मान एकदाच हलवली. ती सगळं एकदाच करते. एकदा बोलते, आणि ऐकू आलं नाही तर तो तुमचा प्रश्न.

काका लिफ्ट दुरुस्त करतात. तीस वर्षं. त्या धंद्यात हा स्वभाव म्हणजे खोड नाही, लायसन्स आहे. "एक दोर तुटला तर दुसरा हवा. ब्रेक सुटला तर दुसरा ब्रेक. तोही सुटला तर खाली पकडायला जबडा. माणूस लटकतोय बाळा, माणूस लटकतोय." हे वाक्य मला झोपेत विचारलं तरी त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवीन. 'लटकतोय' म्हणताना ते चष्म्यावरून बघतात आणि उजवा हात हळूच खाली सोडतात.

त्यांचं वर्कशॉप म्हणजे एक लांबडी खोली. मागे लोखंडी टेबल, ब्रेकचे घासलेले तुकडे, ग्रीसचे डबे आणि भिंतीला टांगलेली दोराची वेटोळी. पुढे दाराजवळ काकूचं टेबल आणि त्यावर कॉम्प्युटर. मागच्या टेबलापासून दारापर्यंत काकांची अकरा पावलं होतात. त्या गुरुवारी ती मी इतक्या वेळा मोजली की मलाच चक्कर यायला लागली.

कारण असं. निळ्या इमारतीच्या लिफ्टची परवानगी त्या दिवशी संध्याकाळी पाचला संपणार होती. पाचच्या आत काकांचा तपासणी अहवाल निरीक्षकांच्या ऑफिसात पोचला नाही, तर सकाळी आठला त्यांचा माणूस येऊन लिफ्टला सील ठोकणार. आणि सहाव्या मजल्यावर बाई राहतात. बाई म्हणजे काकांना शाळेत भूमिती शिकवणाऱ्या. आता त्या चाकाच्या खुर्चीत असतात. शुक्रवारी दहाला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. पुढची तारीख चार महिन्यांनी, आणि डॉक्टर म्हणाले होते की हा डोळा चार महिने थांबणार नाही. जिना अरुंद. वळणावर स्ट्रेचर अडकतं. काकांनी टेप लावून मोजलं होतं. अर्थात दोनदा.

"बाई, तुम्ही खाली जाणार म्हणजे जाणार, जाणार म्हणजे जाणार," असा शब्द त्यांनी दिला होता.

लिफ्ट ठणठणीत होती. अहवाल सोमवारीच तयार होता. फक्त तो जात नव्हता. काका मेल पाठवायचे, आणि मिनिटभरात बूमरँगसारखा परत: 'पाठवणाऱ्याची खात्री पटली नाही. पत्र स्वीकारलेलं नाही.'

"खात्री पटली नाही?" काका पडद्याला म्हणाले. "तीस वर्षं झाली! तीस वर्षं!"

सोमवारी त्यांनी ऑफिसचा पत्ता अक्षर-अक्षर तपासला. मंगळवारी पासवर्ड बदलला, वायर काढून घातली, मशीन बंद करून चालू केलं, आणि मग खात्रीसाठी परत बंद करून चालू केलं. फोटो लहान केले. परत. बुधवारी छापील अहवाल घेऊन थेट ऑफिसात गेले. खिडकीतल्या साहेबांना कायमची सर्दी. काका घरी येऊन सगळं सांगत होते, पण साहेबांचा आवाज त्यांना जमत नाही, म्हणून तेवढा मी काढला:

"कागद दको. बेल करा, बेल."

"साहेब, मेलच तर जात नाही. मेलच जात नाही."

"बग दुसऱ्या पत्त्यावरूद दका पाठवू हं. दोंदणीतलाच पत्ता हवा. पत्ता बदलायला पंधरा दिवस."

आई हसून हसून भिंतीला टेकली. काका मात्र हसले नाहीत. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

गुरुवारी दोन वाजता काकांनी स्वतःलाच एक मेल पाठवला. टिंग! आला.

"आला! आला! अगं, चालू आहे! चालू आहे!"

काकूने मान वर केली नाही. "आपल्याच घरात शिरताना ओळखपत्र कोण मागतं?"

मग मला पाठवला. तो माझ्या स्पॅममध्ये जाऊन पडला, मोफत बक्षीस लागल्याच्या मेलच्या शेजारी. माझ्या मावशीला पाठवला, तो परत आला. म्हणजे घोडं बाहेरच पेंड खात होतं.

काकूने मग ड्रॉवरमधून एक कागद काढला. मेल सांभाळणाऱ्या कंपनीने दोन महिन्यांपूर्वी पाठवलेली सूचना. काकांनी तिच्या दोन प्रती छापून दोन फायलींना लावल्या होत्या. मजकूर असा, की अमुक तारखेपासून, म्हणजे याच सोमवारपासून, ओळख कडक तपासली जाईल. तुमच्या नावाच्या पत्त्यामागे जी सेटिंग्ज असतात, तिथे एक ओळ लिहा, की आमच्या नावाने पत्रं पाठवायची मुभा अमक्यालाच आहे. मेल घेणारा आधी ती ओळ वाचणार आणि मगच दार उघडणार.

"लिहिली होतीत ना ओळ?" काकूने विचारलं.

"लिहिली म्हणजे? लिहिली! त्याच दिवशी लिहिली!"

त्यांनी वेबसाइटवाल्याला फोन लावला. चार वर्षांपूर्वी त्यांची वेबसाइट बनवून दिलेला तो मुलगा असं बोलतो की जांभई संपते कुठे आणि वाक्य सुरू होतं कुठे हे कळत नाही.

"हाँ काकाऽऽ… बघतो… हाँ, ओळ आहे की. मीच टाकलेली आहे, वेबसाइट केली तेव्हा. एकदम ओके. होऊन जाईल, टेन्शन नका घेऊ."

"होऊन कसं जाईल? कसं जाईल?"

"जाईल होऽऽ."

अडीच वाजले. मग कंपनीची हेल्पलाइन. आधी संगीत, मग 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग पुन्हा तेच संगीत. काका त्या तालावर मागच्या टेबलापासून दारापर्यंत आणि दारापासून टेबलापर्यंत. वाटेत प्रत्येक वेळी पक्कड उचलायचे आणि परत ठेवायचे. वीस मिनिटांनी एक मुलगी आली. प्रत्येक वाक्याचं शेपूट ती झोक्यासारखं वर न्यायची.

"आपली अडचण आम्हाला समजते आहे, सऽर. मी तपासते, सऽर. आमची ओळ आपल्याकडे आहे, सऽर. अगदी बरोबर आहे. आणखी काही मदत करू शकते का, सऽर?"

"अहो, आणखी काय? पहिलीच कुठे झाली? पहिलीच कुठे झाली?"

फोन कट.

काका खुर्चीत बसले, लगेच उठले. "बघ, हा म्हणतो ओळ बरोबर आहे, ती म्हणते ओळ बरोबर आहे. दोन-दोन ओळी आहेत आपल्याकडे. दोन-दोन! मी त्याची काढलीच नाही. मुद्दाम ठेवली. एक बिघडली तर दुसरी आहे! आणि तरी मेल परत?"

काकू चष्मा पुसत होती, ती थांबली.

"दोन आहेत?"

"दोन!"

"तो त्याचीच बघतोय, ती तिचीच बघतेय. पुन्हा लावा फोन. आणि या खेपेला मी बोलते."

यावेळी फोनवर दुसराच माणूस होता, खर्जातला, घाई नसलेला. काकूने एकच वाक्य विचारलं: "आमच्या नावामागे पाठवणाऱ्याची ओळख सांगणाऱ्या ओळी एकूण किती दिसतात तुम्हाला?"

टाइप केल्याचा टकटक आवाज आला. मग तो म्हणाला, "दोन आहेत, मॅडम. दोन नाही चालत. एकच लागते. दोन दिसल्या की समोरचा दोन्ही रद्द धरतो. दोघांची नावं एकाच ओळीत घ्या आणि दुसरी काढून टाका."

काकांनी फोन जवळजवळ हिसकावला. "काढून टाका? अहो, मग त्या एकीत काही बिघडलं तर?"

"तर बिघडलं, सर."

इतका सरळ माणूस मी आजवर फोनवर ऐकलेला नाही.

त्याने नवी ओळ सांगितली, काकूने लिहून घेतली, वाचून दाखवली. एकदाच. काकांनी जुन्या दोन ओळी पडद्यावर समोर आणल्या, माऊस 'काढून टाका'वर नेला आणि तिथेच थांबले. बोट वर. ते खाली येईना. एरवी याच हाताने ते सातव्या मजल्याच्या अंधाऱ्या खड्ड्यावर वाकून नट आवळतात.

"दोर कापायला सांगतोय मला तो," ते हळू म्हणाले. "चालू लिफ्टचा दोर."

घड्याळात सव्वातीन. बाहेर कुणीतरी शटर ओढत होतं.

मग काका एकदम वळले. "अगं, त्या हॉटेलची लिफ्ट आठवते? सील झालेली?"

"न आठवायला काय झालं. तीन दिवस जेवला नव्हतात."

"आत दोन पाट्या होत्या. जुनी, 'सहा माणसं'. नवी, 'आठ माणसं'. मी जुनी काढली नव्हती, म्हटलं असू दे, राहू दे. निरीक्षक आला, दोन्ही वाचल्या आणि लिफ्टच बंद केली. म्हणाला, खरी कुठली ते मला कसं कळणार?" ते पडद्याकडे वळले. "हा दोर नाही. ही पाटी आहे. दोर सहा असू देत. पाटी एकच असते."

आणि त्यांनी बटण दाबलं. एक ओळ गेली. दुसरीच्या जागी नवी आली, दोघांची नावं एकीतच घेतलेली.

तीन वाजून बावीस मिनिटांनी अहवाल पाठवला. मिनिटभर शांतता. काकांनी श्वास सोडला, आणि टुक. परत.

"काढली ना! काढली ना मी!"

खर्जातला माणूस फोनवरच होता. "जुन्या ओळी ज्यांनी वाचून ठेवल्यात, ते तासभर त्याच धरून बसतात, सर. थांबावं लागेल."

थांबणं! काकांना तुम्ही काहीही सांगा, उलटे लटका म्हणा, पण थांबा म्हणू नका. अकरा पावलं तिकडे, अकरा इकडे. एकदा दाराबाहेर गेले, आकाशाकडे बघून आले. ओळ आकाशातून येणार होती बहुतेक. एकदा काकूच्या खुर्चीखालची धूळ पुसली. चारला पाठवला. परत. चार-दहाला बाईंचा फोन आला, आणि काकूने तो स्पीकरवर टाकला.

"काय रे, बॅग भरू ना? मुलगा विचारतोय, चार माणसं बोलवायची का उचलायला. मी म्हटलं, तो म्हणालाय तर मी लिफ्टनेच जाणार."

काकांनी घड्याळाकडे बघितलं. "भरा, बाई. भरा."

फोन ठेवल्यावर ते भिंतीवरच्या दोरांच्या वेटोळ्यांशी जाऊन उभे राहिले. पाठ आमच्याकडे. बराच वेळ पक्कडसुद्धा उचलली नाही.

चार-पंचवीसला काकू म्हणाली, "आता."

काका आले. पाठवला. आम्ही तिघं पडद्याकडे बघत होतो. मिनिट गेलं. दोन. पाच. परत आला नाही.

"नाही आला," मी म्हणाले.

"नाही आला म्हणजे पोचला असं थोडंच? कुठे तरी अडकला असेल." त्यांचा हात पुन्हा माऊसकडे. "एकदा परत टाकतो. खात्रीला. एकदाच."

काकूने माऊस उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला. "फोन करा त्यांना."

ऑफिसात घंटी वाजत राहिली. चार-छत्तीस. चार-सदतीस. मग एक जोरदार शिंक, आणि साहेब.

"हां, कोण?"

"निळ्या इमारतीचा अहवाल, साहेब. आला का? आला का?"

कागद चाळल्याचा आवाज. आणखी एक शिंक. काका खुर्चीच्या पाठीला असे धरून उभे, जणू ती सहाव्या मजल्यावरून सुटली आहे.

"आला. बुदत वाढवली आहे. दाक पुसू द्या आता."

मी ते आजवर घरात चाळीसदा म्हणून दाखवलंय, पण त्या क्षणी मला आवाज काढायचं सुचलंसुद्धा नाही. काका खाली बसले. काकूने माऊस टेबलावर परत ठेवला आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या खांद्याला हात लावला.

शुक्रवारी सकाळी नऊला आम्ही निळ्या इमारतीत होतो. काका आठपासूनच तिथे होते, रिकामी लिफ्ट वर-खाली फिरवत. बाईंना खुर्चीसकट आत घेतलं. डोळ्यावर हिरवा चष्मा, मांडीवर बॅग, आणि आवाज अजून वर्गातलाच.

"किती वेळा तपासलीस?"

"दोनदा, बाई. दोनदा."

"आणि ते मेलचं काय झालं? तुझी बायको सांगत होती."

काका जरा घुटमळले. "शेवटी एकदाच गेला, बाई. एकदाच पाठवू दिला मला."

"मग शिकलास म्हणायचं काहीतरी. चल, दहाची वेळ आहे."

दार सरकलं. काकांनी तळमजल्याचं बटण दाबलं, आणि मग, बाईंचं लक्ष नाही असं बघून, पुन्हा एकदा दाबलं. लिफ्टचं त्याने काही बिघडत नाही. ती बाईंना घेऊन हळूहळू खाली निघाली.