टेबलावरचा ऐवज

जगातले सगळे कॅसिनो उद्या एकदम बुडाले, त्यांतली माणसं आणि कागदपत्रं नाहीशी झाली, तरी परवा सकाळी पोकरचं टेबल पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत जसंच्या तसं मांडून देईल असा एकच माणूस माझ्या माहितीत आहे, आणि तो म्हणजे आमच्या हिचे मामा. मामांनी कॅसिनोची पायरी कधी चढलेली नाही. पैजेवर एक दिरहम कधी लावलेला नाही. शिवाय हे सगळं ज्ञान त्यांनी कमावलं आणि वाटलं ते शारजात, जिथे जुगार राहिला बाजूला, बिअरची बाटलीसुद्धा दिसत नाही. वाळवंटात राहून एखाद्याने बोटीच्या वल्ह्यांचा अभ्यास करावा तसला हा प्रकार होता, पण मामांना त्यात विसंगत असं काहीच वाटत नसे.

मामा दुबईतल्या रास अल खोरला एका गोदामात स्टोअरकीपर होते. जहाजांना सामान पुरवणारी कंपनी. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला कुठल्याशा प्रवासी जहाजासाठी आलेली एक भली मोठी पेटी कस्टमने अडवली आणि ती मामांच्या गोदामात सात-आठ महिने पडून राहिली. आत हिरव्या कापडाचं टेबल होतं आणि यादीत शेवटी लिहिलं होतं, 'नियमावली, प्रत एक'. स्टोअरकीपरचा धर्म म्हणून मामांनी ती प्रत उघडली, पानं सगळी आहेत ना एवढंच पाहायला. ती त्यांनी मिटली तेव्हा जेवणाची सुट्टी संपून तास झाला होता. पुढे पेटी परत पाठवायचा हुकूम आला. दुसऱ्या कोणी ते पुस्तक हळूच पिशवीत टाकलं असतं. मामांच्या मनाला ते शिवलंही नाही. त्यांनी तीन आठवडे डबा खाता खाता आख्खं पुस्तक दोनशे पानी वहीत उतरवून काढलं, आणि तेही मराठीत, कारण 'इंग्रजी वही कोणाच्या हाती लागली तर उगाच गैरसमज व्हायचा'.

त्या भाषांतरावर त्यांनी जीव ओतला होता. सगळ्यांचे सामाईक पत्ते मध्ये उघडण्याआधी वरचा एक पत्ता पालथा बाजूला काढतात, ते झालं 'पत्ता जाळणे'. टाकून दिलेल्या पत्त्यांचा ढीग तो 'कचरा', आणि कचऱ्याला लागलेला पत्ता 'मेलेला'. 'चिप्स' हा शब्द आधी त्यांनी तसाच ठेवला होता, पण त्यांच्या शाळकरी मुलीने वही चाळली आणि ती खुदकन हसली. "बाबा, पोटॅटो चिप्स?" मामांनी त्याच दिवशी वहीभर लाल पेनने 'चिप्स' खोडून 'ऐवज' लिहिलं. हा शब्द त्यांनी घरफोडीच्या बातम्यांतून उचलला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. फक्त 'बटण' त्यांनी जसंच्या तसं ठेवलं. वाटणाऱ्याची खूण म्हणून टेबलावर जे बटण फिरतं, ते कॅसिनोत हाताच्या पंजाएवढी चकती असते हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी आपल्या लग्नातल्या कोटाचं मधलं बटण उसवलं आणि दहा वर्षं तेच फिरवलं.

खेळ दर शुक्रवारी, म्हणजे इकडच्या सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर. मी अल कुसैसला राहतो. एरवी शारजाचा रस्ता म्हणजे दीड तासाची शिक्षा, पण शुक्रवारी दुपारी वीस मिनिटांत मी मामांच्या दारात असे. खेळणारे तीन: मामा, वरच्या मजल्यावरचे कोल्हापूरकडचे एक कंत्राटदार आणि मामांच्या गोदामातले एक हैदराबादी क्लार्क. मी फक्त पत्ते वाटायचो. जावयाला हरवणं बरं दिसत नाही आणि मुद्दाम जिंकू देणं नियमात बसत नाही, म्हणून मला कायमचा डीलर नेमून मामांनी तो पेच सोडवला होता. ऐवज म्हणजे खजुराच्या बिया, धुऊन वाळवलेल्या. साध्या बीची किंमत एक, आणि मामींच्या नेलपॉलिशने लाल रंगवलेल्या बीची पाच. "दहा दिरहम किलोचा खजूर, म्हणजे सव्वाशे रुपये," मामी म्हणत, "आणि जपून ठेवता काय, तर बिया!" मामा पडदे ओढत, उजवा हात टेबलावर ठेवत आणि पूजेच्या संकल्पासारखं म्हणत, "हा खेळ बियांचा आहे, यात द्रव्याचा संबंध नाही, कोणीही मनात रुपये धरू नयेत." मग मी पत्ते पिसायचो.

कंत्राटदारांचं आयुष्य तीन पत्तीत गेलेलं. पहिल्याच शुक्रवारी ते 'शो' म्हणून ओरडले आणि मामांनी त्यांना सहा मिनिटं समजावलं. दुसऱ्या शुक्रवारी मामांनी टेबलावर बोटाने टकटक करत गंभीरपणे म्हटलं, "चेक." कंत्राटदार पांढरेफटक पडले. या देशात चेक परत गेला तर माणूस थेट आत जातो, आणि हे नेमके त्याच आठवड्यात कोणाला तरी चेक देऊन बसले होते. 'चेक' म्हणजे या फेरीला मी काही लावत नाही एवढंच, हे त्यांना पटायला पुढचा महिना गेला. त्यांची दुसरी खोड म्हणजे चार बिया सरकवायच्या, समोरच्याचं तोंड पाहायचं आणि मग आणखी चार सरकवायच्या. यावर मामांचा हात ट्रॅफिक पोलिसासारखा वर जाई. "ऐवज एका खेपेत! आधी तोंडाने आकडा बोला, नाहीतर एकदाच काय ते ठेवा. चिवडा घेताय का?" हैदराबादी क्लार्क मात्र कौतुकाने मान डोलावत. "मामूजान, आप तो मिनिस्ट्री में होना था." आणि पत्ते टाकत, "खलास, हबीबी, अपन बाहर."

माझाही एक दोष होता, तो सांगून टाकतो. हात संपल्यावर कचऱ्यातले पत्ते उचलून 'याच्याकडे काय होतं बरं' हे बघितल्याशिवाय मला राहवत नसे. मामांना ते पाप वाटे. "जावईबापू, मेलेल्या पत्त्यांत तोंड खुपसू नका. माणसाने ज्या कारणाने पत्ते टाकले, ते कारण त्याचं त्याच्यापाशी." दर शुक्रवारी ते हे म्हणत आणि दर शुक्रवारी ते चहाला उठले की मी बघत असे.

पण मामांचं सगळ्यात लाडकं कलम होतं ते शब्दाचं: आपली पाळी असताना तोंडातून निघालेला शब्द बांधतो, मग हातात काही का असेना. हे कलम त्यांनी टेबलाच्या बाहेरही लागू केलं होतं. कंत्राटदार एकदा पान चघळता चघळता म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी बिर्याणी माझ्याकडून," आणि शुक्रवारी विसरले. मामांनी त्यांना बिर्याणी आणायला जिन्यातून परत पाठवलं. मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ गेम." मामा म्हणाले, "गेममध्ये पाळता येत नाही तो बाहेर काय पाळणार?"

एवढ्या कडक माणसाने एकच शब्द पाळला नव्हता, आणि तो मामींना दिलेला होता. एक्क्याण्णव साली इकडे येताना ते मामींना म्हणाले होते, "दोन वर्षं, मग परत." दोनाची चार झाली, चाराची आठ. दरम्यान कराडला घर बांधून झालं, रंग लागला, कुलूप लागलं. वर्षातून एक महिना मामी ते कुलूप उघडत, झाडलोट करत, आणि घर अंगाला लागतंय न लागतंय तोच पुन्हा लावून येत. शारजाच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी खिळ्याला ती किल्ली टांगलेली असे. मामी कधी भांडल्या नाहीत. फक्त एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, "शब्द बांधतो ना हो?" मामांनी वहीही उघडली नाही. "पाळीआधी बोललेला बांधत नाही. तू तेव्हा विचारलंच नव्हतंस, मीच आपणहून बोललो." आम्ही सगळे हसलो. मामी आत गेल्या आणि भांड्यांचा आवाज जरा मोठा झाला. आपण हसायला नको होतं, हे मला फार उशिरा समजलं.

दोन हजार तीन साली मुलगी शिकायला पुण्याला गेली. घर एकदम शांत झालं. मामांना त्या सुमारास कंपनीने आणखी तीन वर्षांचं काँट्रॅक्ट देऊ केलं आणि मामा सही करणार हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यातल्याच एका शुक्रवारी क्लार्क सुट्टीवर हैदराबादला गेले होते. चौथी खुर्ची रिकामी होती. मी पत्ते पिसत असताना मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्या खुर्चीवर बसल्या.

"अगं, तुला नियम..." मामा म्हणाले.

"दहा वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय. वाटा हो तुम्ही."

मी दोन दोन पत्ते वाटले. वहीत असं होतं की प्रत्येकाने आपल्या पत्त्यांवर एखादी वस्तू राखण म्हणून ठेवावी, म्हणजे डीलर ते चुकून ओढून नेत नाही. कंत्राटदारांची राखण म्हणजे काड्यापेटी. मामांची म्हणजे गोदामाचा गेटपास, प्लॅस्टिकमध्ये घातलेला, त्यावर त्यांचा केस काळे असतानाचा फोटो. मामींनी कमरेला खोचून आणलेली कराडची किल्ली बसतानाच टेबलावर ठेवली होती, ती आपल्या पत्त्यांवर सरकवली.

मधले पाच पत्ते उघडून झाले: किल्वर राजा, बदाम सत्ती, चौकट नव्वी, इस्पिक पंजी आणि शेवटी बदाम दुर्री. कंत्राटदार आधीच बाहेर पडले होते. मामांनी टकटक केलं, "चेक." मामींनी पत्त्यांवरची किल्ली उचलली आणि टेबलाच्या मध्ये सरकवली. एका खेपेत.

"हे काय?"

"पैज. तुम्ही जिंकलात तर ही तुमच्याकडे राहील, मी पुन्हा कराडचं नाव काढणार नाही. मी जिंकले तर मार्चमध्ये आपण जायचं."

"अगं, किल्ली कशी चालेल? राखण ती राखण."

"वही बघा," मामी म्हणाल्या.

मामांनी वही उघडली. मला ते पान पाठ होतं: 'हात सुरू होताना टेबलावर असलेला ऐवजच डावात धरावा. बाहेरून काही आणू नये, टेबलावरचं काही उचलू नये.' मामा ते एकच वाक्य बराच वेळ वाचत राहिले. इंग्रजीत तिथे काय होतं ते त्यांना पक्कं माहीत होतं. पण ते इंग्रजी पेटीबरोबर परत गेलं होतं, आणि उरलेला शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने, लाल पेनने लिहिला होता.

"घर म्हणजे ऐवज नाही का?" मामींनी हळूच विचारलं.

"ऐवज आहे," मामा म्हणाले. नियमाच्या बाबतीत ते कधी खोटं बोलले नाहीत.

"मग बरोबरीचं लावा. तुमचा पास आहे टेबलावर."

कंत्राटदार छताकडे बघायला लागले. मामांना पत्ते टाकता आले असते. बरोबरीचं न लावता बाहेर पडलं की पैज लागतच नाही, अशी नियमात पूर्ण मुभा होती, आणि मधल्या चार बियांवर तो विषय मिटला असता. त्यांनी आपले दोन पत्ते कोपरा वाकवून पाहिले, मग पासवरच्या त्या काळ्या केसांच्या माणसाकडे पाहिलं. पास उचलून किल्लीशेजारी ठेवला आणि अगदी स्पष्ट आवाजात म्हणाले, "कॉल."

मामींनी पत्ते उलटले. नव्वी आणि चव्वी. मधल्या नव्वीशी जोडी, बस्स, एवढ्यावर बाई कराडला निघाली होती. मामांनी ती जोडी निरखून पाहिली, आपले पत्ते पालथेच माझ्याकडे सरकवले, आणि ते कचऱ्याला लागले.

"काय होतं हो तुमच्याकडे?" मामींनी विचारलं.

"मेलेल्या पत्त्यांबद्दल बोलायचं नसतं," असं म्हणून मामा चहा टाकायला स्वतः आत गेले.

ते दोन पत्ते माझ्या हाताखाली होते. एक राजा असता तरी मामांना जिंकायला पुरे होता. कंत्राटदार माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. दहा वर्षांत बघितल्याशिवाय एक शुक्रवार मी सोडला नव्हता. पण त्या दिवशी मी ते तसेच गड्डीत मिसळले आणि चहा येईपर्यंत पिसत राहिलो.

शनिवारी सकाळी मामांची पंचाईत झाली. राजीनामा द्यायला गोदामात शिरायचं तर पास लागणार, आणि पास मामींनी जिंकलेला. तो त्यांनी रीतसर उसना मागून नेला. कंपनीने शेवटी तो जमा करून घेतला तेव्हा मामांनी पावती मागून घेतली, 'पास, नग एक', आणि ती मामींच्या हातात आणून ठेवली. मार्चमध्ये ते गेले. विमानतळावर मामांनी माझ्या हातात कोटाचं ते बटण ठेवलं आणि म्हणाले, "जावईबापू, आता तुमच्याकडे."

नंतर आम्ही दोन-तीन शुक्रवार खेळून पाहिलं. कंत्राटदार दोन खेपांत बिया सरकवत, आणि हात वर करणारं कोणी नसे. मग ते बंदच पडलं. मला मामांची फार आठवण येते, शुक्रवारी दुपारी तर जास्तच. परवा कपाट आवरताना हिला ते बटण सापडलं. ते तळहातावर घेऊन ती म्हणाली, "आपण कधी जायचं हो परत?" मी पेपरातून डोकं न काढता बोलून गेलो, "जाऊ की, अजून दोन वर्षं."

तिने बटण माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि आत गेली. पेपर तसाच हातात धरून मी पळवाट शोधत राहिलो. पण तिने विचारलं होतं, म्हणजे पाळी माझीच होती, आणि मी चांगलं मोठ्याने बोललो होतो.