भाईजींचा थरथरता हात

माझ्या थोरल्या भावाबद्दल, भाईजींबद्दल, आमच्या घरात अजून सांगतात, की पूर्वकर्म आडवं आलं आणि साध्वी दारातून रिकाम्या परतल्या. ते खरं नाही. आडवा मी आलो होतो.

शहाद्याच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान होतं. घर जैन. पाणी गाळूनच प्यायचं आणि गाळण्यात अडकलेले जीव त्याच विहिरीत अलगद सोडायचे, ही रीत. भाईजी मात्र गाळलेलं पाणी पुन्हा गाळत, कापड उन्हाकडे धरून पाहत आणि परत गाळत. हात धुऊन धुऊन त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. गिऱ्हाइकं मला विचारत, "शेठ, तुन्हा भाऊ पानीले बी धोस का?" मी हसायचो. आई हसत नसे. "असा दयाळू मुलगा गावात दुसरा नाही," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. पाणी मीही गाळत होतोच की!

एकदा भाईजी विहिरीपाशी रडताना दिसले. "एखादा जीव राहिला असला तर? मला थांबताच येत नाही रे." ही भक्ती नाही, भीती आहे, हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुला जळायला काहीही पुरतं."

महायुद्धाच्या दिवसांत, चाळिशीतच, त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप हलू लागली. तो हात ते उपरण्याखाली ठेवत. चेहऱ्यावरचं हसू गेलं, पावलं आखूड झाली. आईला त्यात वैराग्य दिसलं!

त्या चातुर्मासात साध्वी आहारासाठी आमच्या दारी आल्या. वाढण्याचा मान भाईजींचा. देताना काही सांडलं तर साध्वी त्या घरचं न घेताच परततात. भाईजींनी मला आत ओढलं.

"आज तू वाढ. माझ्यानं होणार नाही."

"आई मला कुठं वाढू देते?"

"तू तिला सांग ना. माझ्या तोंडून निघत नाही."

आई दोन हातांवर उभी होती. तिला काही न सांगता मी तुपाची पळी भाईजींच्याच हाती दिली.

पळी पात्रावर गेली, थरथरली आणि तूप जमिनीवर पडलं. साध्वींनी पात्र झाकलं आणि त्या वळल्या. मला तेव्हा बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

अलीकडे एका डॉक्टरला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, असा मंत्रचळ, म्हणजे तेच ते पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार, असलेल्यांपैकी काहींना पुढे कंपवात होतो. दोन्हींचा संबंध असावा, पण सगळ्यांचं तसं होत नाही. म्हणजे पाप नव्हतं, वैराग्यही नव्हतं. भाईजी आधीपासून आजारी होते आणि त्या आजाराचा मी हेवा करत होतो.

तूप सांडल्यानंतर पुढच्या खेपेला साध्वी आल्या होत्या, तेव्हा पळी माझ्या हाती आली. एक थेंबही सांडला नाही. पाहायला आई दाराशी नव्हती. ती आत भाईजींना खिचडी भरवत होती. "सावकाश, माझ्या राजा," ती म्हणाली. मला तिनं तसं कधीच म्हटलं नव्हतं.