शिंगाड्याच्या तलावावरचा बांबू

ट्रायपॉडच्या तिन्ही पायांना पाइपाची चार इंची टोपणं बसवली आणि मी सांगलीहून निघाले. चिखलात पाय रुतू नयेत म्हणून केलेली ही सोय. प्लंबिंगच्या सामानाचं दुकान चालवण्याचे असे किरकोळ फायदे असतात. जवळपास एक दिवस गाडीत काढून भंडारा रोडला उतरले, तिथून भंडारा, आणि दुसऱ्या एसटीने अड्याळ. नोव्हेंबर होता. भात कापून झालेला, बांध्यांमध्ये (धानाच्या शेतांमध्ये) पुंजणे उभे होते, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग. आणि दर थोड्या अंतरावर एक तलाव. आमच्याकडे विहीर दाखवतात तसे इथले लोक तलाव दाखवतात.

मला एकच फोटो हवा होता. उघड्या चोचीचा करकोचा पाण्यातली गोगलगाय शंखातून ओढून काढतो, तो क्षण. या पक्ष्याची चोच बंद असली तरी मधे फट राहते, जुन्या अडकित्त्यासारखी. उभ्या करकोच्याचे माझ्याकडे शेकड्याने फोटो आहेत. उभा करकोचा आणि बागेतला सिमेंटचा करकोचा यांत फोटोपुरता फारसा फरक नसतो.

अड्याळमध्ये ओळखीच्यांची माडीवरची खोली मिळाली होती. सामान टाकून संध्याकाळच्या आत जवळच्या गावचा तलाव बघून आले. निम्म्या पाण्यावर शिंगाड्याचा वेल पसरलेला, आणि त्यात जागोजागी बांबू रोवलेले. प्रत्येक बांबूला वेगळी चिंधी. पाळीवर (तलावाच्या बांधावर) एक साठीच्या बाई उकडलेले शिंगाडे विकत बसल्या होत्या.

"कायचा फोटो काढून राहिल्या जी?"

मी बोट दाखवलं. उथळ पाण्यात पंचवीसेक करकोचे फिरत होते.

"ढोक? लवकर काढा मंग. परवापासून फटाके फुटतीन."

बाईंचं नाव यशोदाबाई. पानभर शिंगाडे खाईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. तलाव मासेमारांच्या सोसायटीचा. मासे सगळ्यांचे मिळून, शिंगाड्याचे मात्र घरोघरचे वाटे, आणि प्रत्येक वाट्याच्या कोपऱ्यावर त्या घराचा बांबू. यंदा तलावात सोडलेलं माशांचं बीज (बारीक पिल्लं) कमी झालं आणि ढोक जास्त आले, तेव्हा ढोकच बीज खातात असं बऱ्याच जणांचं मत पडलं. फटाके फोडून त्यांना हाकलायचं का, हे उद्या संध्याकाळच्या बैठकीत ठरणार होतं.

"अन् तुमचं काय मत?"

"मी नाही म्हनतो. हे ढोक घोंगे (गोगलगायी) खाते. माह्या वाट्यात घोंगेच घोंगे हायेत, वेलाचं पान ठेवत नाही. ढोक गेले त माहा शिंगाडा गेला. पन माहं आयकते कोन? अध्यक्ष माहा देर हाये. त्याले म्हटलं, त म्हनते, वयनी, ढोक म्हंजे ढोक."

इथे सगळ्या लांब पायांच्या पक्ष्यांना ढोकच म्हणतात. त्यातले काही मासे खातात हे खरंच, त्यामुळे दिराचंही अगदी चूक नव्हतं. यशोदाबाईंनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "तुमच्या फोटोत चोचीत काय हाये ते दिसन का?"

"दिसलंच पाहिजे. त्याचसाठी आलेय."

"मंग उद्या मले एक द्या. मोठा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच गेले. ट्रायपॉड टोपणांवर झकास उभा राहिला. टोपणं माझ्या पायांना नव्हती, हे पुढचं पाऊल टाकल्यावर लक्षात आलं. गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. यशोदाबाई आपल्या वाट्यात शिंगाडे तोडत होत्या, तिथून ओरडल्या, "हलू नोका! ढोकावानी एका पायावर उभ्या ऱ्हा!" मग काठी घेऊन आल्या आणि मला उपटून काढलं. उजवा बूट तलावाला दिला.

पण चिखलाने काम केलं. खाली बसावंच लागलं, आणि पाण्याच्या पातळीवरून बघताना पक्षी माणसाएवढा उंच दिसू लागला. तासभर नुसतं बघितलं. करकोचा चोच पाण्यात खुपसून चाचपतो, गोगलगाय सापडली की मान थरथरते, खालची चोच शंखात शिरते, आणि मग डोकं वर. गिळायला क्षणभरही लागत नाही. मान थरथरली की बोट दाबायचं, डोकं वर येण्याची वाट बघायची नाही, हे सात-आठ वेळा हुकल्यावर कळलं. साडेनऊच्या सुमारास एकाने यशोदाबाईंच्या बांबूजवळ डोकं वर केलं. चोचीत लोंबती गोगलगाय, खाली पडणारा रिकामा शंख, पाण्याचे थेंब हवेत. मिळाला.

दुपारी भात, लाखोळीची डाळ आणि पोपटाच्या शेंगांची (आपल्या पावट्यासारख्या) भाजी जेवून लॅपटॉप उघडला. पांढरी पिसं उन्हात फटफटीत आली होती, ती उतरवली. सावलीतला डोळा थोडा उजळला. चौकट आवळली. राहिला तो बांबू. नेमका पक्ष्याच्या पाठीतून उगवल्यासारखा, वर निळ्या चौकड्यांची चिंधी, शेजारी तरंगती प्लॅस्टिकची बाटली. अर्धा तास खपून तिन्ही गोष्टी पुसल्या आणि जागी स्वच्छ पाणी भरलं. इतकं सफाईने की मलाच आपलं कौतुक वाटलं. बाजारातल्या स्टुडिओत मोठी प्रिंट काढून बैठकीला पोचले.

पाळीवर वीसेक माणसं बसली होती. यशोदाबाईंचे दीर सोमाजी मधोमध. त्यांनी फोटो हातात धरून लांब केला, जवळ घेतला.

"फोटो बेस हाये. घोंगाच हाये चोचीत, मानलं. पन बाई, हा आपला तलाव कायवरून? हे पानी त काचीवानी दिसते. असा फोटो कुठचाबी राहू शकते."

"मी आज सकाळी इथेच काढलाय."

"तुम्ही म्हनता. पन आमचे बांबू कोठी हायेत? शिंगाड्यात उभा हाये, अन् मांगं एक बांबू नाही?"

यशोदाबाईंनी फोटो ओढून घेतला. त्यांचा चेहरा पडला. "माहा बांबू कोठी गेला? तो त बांबूजवळच होता!"

"मी काढला," मी म्हणाले. "मधे येत होता."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, इथं दुसऱ्याचा बांबू कोनी काढत नाही. बांबू काढला म्हंजे वाटा गेला." आणि सगळे हसायला लागले. यशोदाबाई सोडून.

दुकानात चुकीचा माल दिला गेला तर मी वाद घालत नाही, बदलून देते. कॅमेरा पिशवीतच होता. मूळ फोटो पडद्यावर आणला आणि सोमाजींच्या हातात दिला. तोच पक्षी, तीच गोगलगाय, फटफटीत पिसं, बाटली, बांबू, चिंधी. सोमाजी डोळे बारीक करून बघत राहिले.

"आँ? वयनी! हे त माही लुंगी हाये!"

"हव," यशोदाबाई म्हणाल्या. "भोकं पडली होती."

"दिवाळीपासून धुंडून राहिलो मी!"

"मंग आता सांगा भाऊजी, कोनता तलाव हाये हा?"

हसण्याच्या गदारोळात पक्षीही उठले. सोमाजींनी डोक्याला हात लावला. कॅमेरा मग हातोहात फिरला, प्रत्येकाने आधी लुंगी पाहिली आणि मग गोगलगाय. बैठक अर्ध्या तासात संपली. फटाके नाहीत. बीज सोडलेल्या कोपऱ्यावर जुनी जाळी ताणायची, म्हणजे मासे खाणाऱ्यांचा बंदोबस्त होईल. शिंगाड्याकडे ढोक फिरेनात का!

निघताना यशोदाबाईंनी अर्धी पिशवी शिंगाडे दिले. बूट मात्र सापडला नाही. सांगलीपर्यंत चप्पल घालून आले.

परत आल्यावर मूळ फोटोवर पुन्हा बसले. पिसं उतरवली, डोळा उजळला, चौकट आवळली, पण बांबू आत राहील एवढीच. दोन प्रिंट काढल्या. एक अड्याळला पाठवली, एक दुकानात गल्ल्याच्या मागे लावली. पुसलेली प्रत पुसून टाकली. ती दिसायला जास्त चांगली होती, हे आजही सांगते. पण यशोदाबाईंचा शिंगाडा वाचवायची वेळ आली तेव्हा ती काही कामाची नव्हती.

परवा एक गिऱ्हाईक नळाचे वॉशर घेता घेता म्हणालं, "ताई, फोटो भारी, पण मधे ती चिंधी आलीय. काढता आली नसती का?"

"येते की काढता," मी म्हणाले. "पण मग वाटा जातो."

आणि वॉशर मोजून दिले.