अकोल्याच्या अडतीवरचं धावतं वर्णन

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या भावाचे. अकोल्याजवळ आमचा भाजीचा आणि पेरूचा मळा होता. वडील गेल्यावर भाऊ चौथीतून शाळा सोडून मोटेवर उभा राहिला आणि मी शिकत राहिलो. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी झालो, तो त्याच्या जिवावर.

भाऊला शौक एकच होता. भाजी विकून झाली की तो कापसाच्या एका अडत दुकानात जाऊन बसे. तिथल्या शेटजींनी रेडिओ आणला होता तो मुंबईचे भाव ऐकायला. पण दिवाळीनंतर मुंबईत क्रिकेटचे मोठे सामने होत आणि त्यांचं धावतं वर्णनही त्यावर लागे. ते सारं इंग्रजीत. हिंदी-मराठीतलं वर्णन आमच्या कानावर यायला पुढे कित्येक वर्षं जावी लागली. मी तेव्हा हायस्कुलात होतो. भाऊ मला शेजारी बसवी आणि त्या खरखरीतून जे कळेल ते मी त्याला वऱ्हाडीत सांगे.

“काय म्हनते बाप्पा तो?”

“चेंडू हवेत गेला म्हनते.”

“मंग धरला का नाई? सांग ना लेका लवकर!”

तेवढ्यात बाजारभावांची वेळ होई, दुकानाचे मुनीमजी कळ फिरवत, आणि आमचा चेंडू तसाच हवेत राही.

पुढे मी अमरावतीला कॉलेजात गेलो. वसतिगृहातली मुलं बहुतेक वकील-मास्तरांच्या घरची. माझं ‘मले-तुले’ ऐकून ती हसत, म्हणून मी बोलणंच कमी केलं. कॉलेजच्या वाटेवर एका वकीलसाहेबांचं घर होतं. त्यांच्या खिडकीत रेडिओ असे, आणि ओट्यावर बसायची त्यांनी मला परवानगी दिली होती. सामन्याच्या दिवसांत मी तिथे एकटाच बसे. हाच आवाज या घडीला अकोल्यात भाऊही ऐकतो आहे, एवढं मनात असलं की मला पुरे होई. तेवढा वेळ मी घरी असे.

नाताळच्या सुटीत घरी आलो तेव्हा भाऊ टोपलीत पेरू लावत होता.

“भाऊ, परवाचा सामना आयकला का?”

“मी नाई जात आता तिथं.”

“काहून?”

त्याने टोपली डोक्यावर घेतली आणि तो बाजाराकडे निघाला. कारण वहिनीने सांगितलं. मी गेल्यापासून भाऊ टाळ्यांवरून खेळ ओळखू लागला होता. टाळ्या पडल्या की आपलं भलं झालं, असा त्याचा हिशेब. एके दिवशी त्याचा आवडता गडी सकाळपासून खेळत होता. दुपारी टाळ्यांचा असा कडकडाट झाला की थांबेचना. भाऊने आनंदाने टोपलीतले पेरू साऱ्या दुकानाला वाटले. मुनीमजी पेरू खात खात म्हणाले, “माळीबुवा, गडी बाद झाला ना तुमचा! तो परत चालला म्हणून लोक टाळ्या वाजवून राहिले. हे मयतीचे पेरू वाटता काय?”

सारं दुकान हसलं. चांगलं खेळून बाद झालेल्याला लोक टाळ्यांनी पोचवतात, हे मैदान न पाहिलेल्या माणसाला कळावं कसं?

मी अमरावतीला परतलो. पुढच्या सामन्याला ओट्यावर बसलो, पण पलीकडे कोणी ऐकणारं नव्हतं. तोच आवाज, तीच खरखर, मन लागेना. खेळ अर्ध्यावर टाकून मी खोलीवर आलो आणि पत्र लिहिलं:

“तीर्थरूप भाऊस शिरसाष्टांग नमस्कार. शाळेतली भाषा सोडून लिहितो. अखेरचा सामना शुक्रवारी सुरू होते. तू अडतीवर जाय. मुनीमजी हसले तं हसू दे, त्यायलेही अर्धंच समजते. टाळी आयकली का लगेच खुश होऊ नोको. टाळीच्या आंधी बोलनाऱ्याच्या आवाजाकडे ध्यान दे. आवाज चढत गेला अन् ‘फोर’ म्हनलं, तं चेंडू शिवेपार गेला. ‘आउट’ म्हनून आवाज खाली बसला अन् टाळ्या लांबत गेल्या, तं गडी परत चालला. पन नाव काढून चालला. ‘ओव्हर’ म्हनलं तं घाबरू नोको, काईच बिघडलं नाई, चिलीम पेटवून घे. मी इथं आयकत राहीन. तू तिथं नसला तं मले काईच आयकू येत नाई, भाऊ. जाशीन ना?”