मेलेल्या शिपायाच्या खिशातलं पत्र

अविनाश बोरकुटे कुणाच्याही घरी गेला की आधी स्वयंपाकघरात शिरायचा. यजमान ‘बसा, बसा’ म्हणेपर्यंत ह्याने प्रेस उघडून चहाचा डबा काढलेला असायचा. इथे आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, आम्हीही आता तसंच म्हणतो. दुसऱ्याच्या घरात दुसऱ्यांनाच चहा करून पाजायचा, आणि सांगायला वाईट वाटतं, पण तो चहा आमच्या घरच्या चहापेक्षा चांगला असायचा. “मुकुंदा, तू बस नं. होते सगळं,” असं मला माझ्याच घरात सांगणारा हा नागपूरचा गडी डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सहा वर्षं राहिला. ह्या सहा वर्षांत त्याने मला एकदाही त्रास दिला नाही. माझ्या पोटात मात्र सहा वर्षं दुखत होतं.

तसं पाहिलं तर हेवा करावा असं त्याच्यात होतं काय? सॉफ्टवेअर तपासायची साधी नोकरी, लग्न केलेलं नाही, नागपूरला म्हातारी आई, अंगात कायम तोच चॉकलेटी स्वेटर. पण माणसं त्याला चिकटायची. माझी बायको मेधा माझ्या विनोदांवर लग्नानंतर दोन वर्षंच हसली. त्याने ‘हो’च्या जागी नुसतं “हाव” म्हटलं तरी ती हसायची. माझी मुलगी ईरा इथेच जन्मलेली. मी मराठीत विचारावं आणि तिने डब्लिनच्या सुरात इंग्रजीत उत्तर द्यावं, असा आमच्या घरातला संवाद. अविनाशशी मात्र ती मराठीत बोलायची, तेही त्याच्या मराठीत. एकदा मी तिला बूट काढायला सांगितलं, तर माझ्याकडे बघून म्हणते, “काहून?” मेधा हसून हसून खाली बसली. मी आतल्या खोलीत निघून गेलो.

एक जागा मात्र माझी होती. नाटक. पुण्यात कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धेत मला अभिनयाचं बक्षीस मिळालं होतं, आणि ते मी विसरलो नव्हतो, दुसऱ्यांनाही विसरू देत नव्हतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी नाटक मी लिहायचो, मी बसवायचो आणि मुख्य भूमिकाही मीच करायचो. अविनाश पडदा ओढायचा. विंगेत उभा राहून सगळ्यांची वाक्यं तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा आणि मी मेलो की दरवेळी रडायचा. तालमीलासुद्धा. “तू मरते तवा पोटात कालवते बे,” असं म्हणायचा. त्याच्या तोंडून मला खरोखर आवडलेलं हे एकच वाक्य.

आणि मग तो सिनेमा आला.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी जाहिरात टाकली. दुसऱ्या महायुद्धावरच्या एका मोठ्या चित्रपटाचं काही चित्रीकरण डब्लिनजवळच्या विक्लोच्या डोंगरात होणार होतं. ब्रह्मदेशाची सरहद्द, पाऊस आणि चिखल. पाऊस आणि चिखल इथे फुकट मिळतो, आणि रोडोडेंड्रॉनच्या झुडपांचं रान असं दाट की लांबून जंगलच वाटावं. त्यांना भारतीय पुरुष हवे होते. गंमत अशी की सगळा सिनेमा जपानी शिपायांच्या बाजूने सांगितलेला होता. माघार घेणारी, उपाशी, तापाने फणफणलेली वीस-बावीस वर्षांची पोरं. आपले हिंदी शिपाई त्यात शत्रू. ग्रुपवर लगेच वाद सुरू झाला, आपण आपल्याच पूर्वजांना खलनायक दाखवायला जायचं का, वगैरे. अविनाशने एवढंच लिहिलं, “चिखलात पडल्यावर सगळे सारखेच दिसते.” त्यावर सत्तावीस जणांनी हात जोडले. माझ्या दोन परिच्छेदांच्या विवेचनावर कुणी अंगठासुद्धा दिला नाही.

निवड लुकनच्या एका हॉटेलात होती. मी अविनाशला बरोबर नेलं ते गाडीत सोबत म्हणून. एक स्वगत पाठ केलं होतं, कुणी ऐकलंच नाही. गोळी लागून पडा आणि डोळे उघडे ठेवून पडून राहा, एवढंच करायला सांगितलं. आता मरणं हा तर माझा हातखंडा. मी आधी छातीवर हात नेला, दोन पावलं मागे गेलो, आभाळाकडे पाहिलं, एक गुडघा टेकला, मग दुसरा. सव्वा मिनिट लागलं. ती निवड करणारी बाई ‘ग्रँड’ म्हणाली. आयर्लंडमध्ये ‘ग्रँड’ म्हणजे ‘बरं, निघा’. मग अविनाश उठला. उभा राहिला आणि धान्याचं पोतं ट्रकमधून ढकलावं तसा पडला. उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडून राहिला. ती बाई उठून त्याच्याजवळ गेली आणि खाली वाकून तिने त्याला विचारलं, की तू ठीक आहेस ना?

त्याला घेतलं. नुसता गर्दीतला मुडदा म्हणूनही नाही. जपानी नायक एका मेलेल्या हिंदी शिपायाचे खिसे खाण्यासाठी चाचपतो, आणि त्याला बिस्किटाऐवजी एक पत्र मिळतं. ते त्याला वाचता येत नाही, तरी शेवटपर्यंत ते तो जवळ बाळगतो. तो मेलेला शिपाई म्हणजे आमचा अविनाश. पडदा ओढणारा माणूस मोठ्या पडद्यावर, आणि आम्ही घरी. परतीच्या वाटेवर मी त्याचं तोंडभरून अभिनंदन केलं. घरी येऊन मेधावर भाजीत मीठ कमी आहे म्हणून ओरडलो. मीठ बरोबर होतं.

चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी तो जुनाट पिवळे दोन कागद घेऊन आमच्याकडे आला. सिनेमावाल्यांनी पत्र तुमच्या भाषेत तुम्हीच लिहून आणा म्हणून सांगितलं होतं. म्हणाला, “मुकुंदा, लेखक तू आहे. माह्यानं काय लिवणं होते? तूच लिही.” चहा करून, कप विसळून तो गेला. मी लिहायला बसलो. आणि जे इतके दिवस आत तुंबलं होतं ते सगळं त्या कागदावर उतरलं. लाज वाटते, पण लिहूनच टाकतो:

‘चि. सखारामास, तू गेल्यापासून इथे कुणाचं काही अडलेलं नाही. गावात तुला काही जमलं नाही म्हणून लढाईवर गेलास. तिथेही नुसतं पडून राहायचं काम मिळालं, तर त्यात एवढा आनंद कसला? परत यायची घाई करू नकोस.’

अक्षर सुंदर काढलं होतं. वाचणार कोण, जपानी? दुसरा कोरा कागद आणि हे पत्र पाकिटात घालून मी त्याच्या हातात दिलं. त्याने उघडूनही पाहिलं नाही. “तू लिवलं म्हणजे चांगलंच असन,” म्हणाला.

सकाळी जाग आली तीच घाबरून. अरे, हे पत्र सिनेमात दाखवतील! आणि अविनाशला तर मराठी वाचता येतं! धावत समोरच्या दारावर गेलो, तर तो पहाटेच्या बसने गेलेला. फोन लावला, तो बंद. सेटवर फोन काढून घेतात म्हणे. चार दिवसांनी तो परत आला, कानात विक्लोचा चिखल घेऊन. मी दारातच विचारलं, कसं झालं? “मस्त. पत्र लय कामी आलं,” म्हणाला आणि आमच्या स्वयंपाकघरात शिरला. त्याने वाचलं की नाही? चेहऱ्यावरून काही कळेना. विचारायची माझी छाती झाली नाही. त्यानंतर दीड वर्ष रोज सकाळी आम्ही एकाच ट्रेनने ऑफिसला जायचो, आणि रोज माझ्या जिभेवर तो प्रश्न यायचा, आणि रोज मी हवामानावर बोलायचो. मग त्याच्या आईचे गुडघे गेले. नोकरी सोडून तो नागपूरला परत गेला. विमानतळावर ईरा त्याच्या स्वेटरला धरून रडली. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं.

सिनेमा लागला तो अविनाश गेल्यानंतर चार महिन्यांनी. मंडळाने उत्साहाने ब्लँचर्डस्टाउनच्या थिएटरात रविवारी सकाळचा अख्खा खेळ घेतला. आपला अविनाश मोठ्या पडद्यावर! दीडशे मराठी माणसं, सगळी साक्षर. मी तापाचं निमित्त काढून पाहिलं, मेधाने कपाळाला हात लावला आणि गाडीची किल्ली हातात दिली.

सिनेमा चांगला होता. ती जपानी पोरं मुळं उकरून खात होती, आईला हाका मारत होती, आणि ‘आपल्या’ तोफांचा आवाज आला की आमच्या हॉलमधली माणसं त्यांच्यासाठी खुर्चीत अंग चोरत होती. मग ते दृश्य आलं. अविनाश चिखलात पडलेला, डोळे उघडे, त्यावर पाऊस. हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला. त्या पोराने त्याच्या खिशात हात घातला, कागद काढला, उलगडला. मी डोळे मिटून घेतले. भाषांतर खाली येणार नव्हतं, कारण नायकाला कळत नाही ते प्रेक्षकांनाही कळू नये असा दिग्दर्शकाचा बेत. दीडशे जणांना मात्र सगळं कळणार होतं. कुजबुज झाली. पुढच्या रांगेतून माझं नाव ऐकू आलं. संपलं, म्हटलं. ईराला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तिने माझी बाही ओढली. “बाबा, व्हॉट डझ इट से?”

मी डोळे मिटलेलेच ठेवले. मेधानेच तिच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. मेधाचा आवाज भरून आला होता. मी डोळे उघडेपर्यंत पडद्यावर पुन्हा डोंगर होता.

शेवटी शेवटी तो आजारी पोरगा नदीकाठी बसून ते पत्र परत काढतो. ह्या वेळी मी पाहिलं. अक्षर माझं नव्हतं. मुंग्या चालल्यासारखं, अविनाशचं होतं.

‘आई, मी बरा आहे. इथं पाणी लय पडते. माह्यासंगं मुकुंदा आहे. तो रोज आम्हाले नाटक करून दाखवते. राजाबी तोच होते अन् राणीबी तोच. भूक विसरते माणूस. सुट्टी भेटली की त्याले घरी आणतो. पाटवडीचा रस्सा करशील.’

दिवे लागल्यावर लोक माझ्याकडे येऊन हात हातात घेत होते. मुकुंद, तू तर सिनेमात आलास, भाग्यवान आहेस, असा मित्र मिळाला. मी मान हलवत बाहेर पळालो आणि पार्किंगमधून नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मी विचारलं, तू माझं पत्र कधी वाचलंस?

“तिथंच, चिखलात,” तो म्हणाला. “तो जपानी पोरगा आला नं माह्याजवळ, दुभाषी घेऊन. म्हणे, याच्यात काय लिहिलं आहे ते सांगा, म्हणजे मला करता येईल. मी उघडून पाहिलं. आता त्याले काय सांगू? तो तसा पाहून राहिला. मंग म्हटलं, दोस्ताबद्दल लिहिलं आहे. तो रडला बे. मंग दुपारी जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या कागदावर तेच लिहून टाकलं.”

मी विचारलं, मग माझ्या पत्राचं काय केलंस?

“फाडलं. मेलेल्या माणसाच्या खिशात तसं कसं ठेवू?”

माफी मागायला म्हणून मी फोन केला होता, पण विचारलं ते नागपूरच्या हवामानाचं. मग मलाच बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, “जाऊ दे नं, मुकुंदा. तुले रोल भेटला असता तर मीबी जळलोच असतो.”

हे साफ खोटं होतं. तो जळला नसता. त्याने मला विक्लोला पोचवलं असतं, थर्मासमध्ये चहा दिला असता, आणि मी मेल्यावर झाडामागे उभा राहून रडला असता. गाडीत येऊन बसलो तेव्हा मेधा म्हणाली, काय म्हणाला तो? मी म्हटलं, काही नाही, बरा आहे. भूमिकेचा हेवा केव्हाच संपला. त्याच्यासारखं होता येत नाही, हा हेवा मात्र काही केल्या जात नाही.