डबा घेऊन पळणाऱ्या पोराचं नाव

गेम बनवताना सगळ्यात कमी वेळ नावांना लागेल, असं आम्हाला वाटलं होतं. कोडिंग अवघड, चित्रं अवघड. नावं काय, चहा पिता पिता सुचतील! दौंड स्टेशनजवळ झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस. तिथं शेवटी बग कमी आणि नावांचे किस्सेच जास्त साठले.

गेम साधा. एक शाळकरी पोरगा राहू गावच्या मळ्यातून जेवणाचा डबा घेऊन निघतो आणि गाडी सुटायच्या आत दौंड स्टेशनवर पोचवतो. वाटेत कुणी मदत करतं, कुणी आडवं येतं. चित्रं सलमाची, कोडिंग धोंडीरामचं आणि नावं माझ्याकडे.

*

चहावाल्याचं नाव मी 'करीमचाचा' ठेवलं. सलमानं पेन खाली ठेवलं.

"ताई, गेममध्ये आमचा माणूस एक तर चहा विकतो, नाहीतर पंक्चर काढतो. दुसरं काही जमत नाही का आम्हाला?"

बरोबरच होतं तिचं. चहावाला झाला गणपतमामा आणि करीमचाचा थेट स्टेशनमास्तर! सलमाचे अब्बा रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांना कौतुकानं दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

"सगळं झकास. पण मास्तरच्या टेबलावर चहा कुठाय?"

*

रस्ता खोदून ठेवणाऱ्या खडूस ठेकेदाराला नाव द्यायचं होतं. बाहेरच्या कुणाचं दिलं तर मारामारी व्हायची, म्हणून मी माझ्या वडिलांचंच दिलं, रंगनाथराव. भांडण झालंच तर घरातल्या घरात मिटेल!

केडगावला वहिनीच्या हातात फोन दिला. ठेकेदाराला ढेकळं मारून पळवायचं होतं. वहिनी थबकली.

"अगंबाई! मामंजींचं नाव हाय की वन्सं. त्यांना ढेकूळ कसं मारू?"

सासऱ्यांचं नाव तिनं आजवर तोंडातून काढलेलं नाही. मी म्हटलं, राहू द्या, नाव बदलते.

"नगं नगं, असू द्या," वहिनी घाईघाईनं म्हणाली. महिनाभर ती तीच लेव्हल खेळत होती.

*

ज्यांच्या मळ्याचे फोटो बघून सलमानं चित्रं काढली, ते आप्पा एक दिवस रागानंच जिना चढून आले.

"बैलाला नाव, कुत्र्याला नाव. आन् ज्याच्या मळ्यातनं पोरगं निघतंय, त्याला न्हाई व्हय?"

"आप्पा, आता फक्त डबाचोर बिननावाचा राहिलाय."

आप्पा विचारात पडले.

"त्याला डायलॉग किती हायती?"

*

राहता राहिला हिरो. बैलाचंसुद्धा बारसं झालं, पण डबा घेऊन पळणारा पोरगा नुसता 'हिरो'च होता. मी सुचवलेलं प्रत्येक नाव धोंडीराम नाकारायचा. शेवटी गेम बाहेर काढायच्या आठवड्यात तोच म्हणाला, "प्रकाश ठेवू."

प्रकाश हा त्याचा थोरला भाऊ. धोंडीरामच्या जन्माआधीच तापानं गेला, शाळकरी वयात. पुढचं लेकरू काळाच्या नजरेत भरू नये म्हणून आईनं ह्याचं नाव धोंड्या ठेवलं. त्या घरात प्रकाशचं नाव परत कुणी घेतलं नाही.

"आईला विचारलंस?" मी म्हटलं.

"न्हाई. तिला दाखवतो. तिला सोसलं न्हाई तर नाव काढायचं, आन् मी गेमबी सोडून दिला." तो हे शांतपणे म्हणाला, त्यानंच मला जास्त भीती वाटली.

आई आल्या. खुर्ची दिली तरी जमिनीवर बसल्या. धोंडीरामनं फोन त्यांच्या हातात दिला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. आईंनी अक्षरं लावत नाव वाचलं, मोठ्यानं. "प्र-का-श."

सलमानं माझा हात घट्ट धरला.

आईंचं बोट लागलं तसं पोरगं पळायला लागलं. मळा मागं पडला, ओढा आला, पोरगं खड्ड्यात पडलं. आईंच्या तोंडून "अगं आई!" निघालं.

"परत उठतो त्यो," धोंडीराम खिडकीकडे बघतच म्हणाला.

पोरगं उठलं आणि पुन्हा पळत सुटलं. आई बराच वेळ बघत राहिल्या. मग पदरानं स्क्रीन पुसली आणि लेकाकडे वळून चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"आरं धोंड्या, थोरल्या भावाला अनवाणी पळवतो व्हय रं?"