शेवटच्या घराचा नळ

गारखेड्यातल्या त्या गल्लीत शैलाबाईंचं घर शेवटचं. खरं तर ते मधलं व्हायचं होतं. पण पुढच्या प्लॉटांचा वाद कोर्टात गेला, आणि चहूबाजूंनी शहर वाढत असताना ही गल्ली तेवढी त्यांच्या कंपाउंडला येऊन थांबली. पत्ता सांगायला सोपं पडतं, एवढाच त्याचा फायदा. तोटा पाइपातून यायचा.

दोन हजार एकोणीसचा उन्हाळा होता. धरणात मृतसाठा, आणि नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी. दिवस साधारण ठरलेला, वेळ पाण्याच्या मर्जीवर. सुटलं की घरोघरी नळाला थेट मोटारी जोडून ओढायचं. हे बेकायदेशीर होतं आणि त्याबद्दल गल्लीत कुणाचंच दुमत नव्हतं. असल्या ओढाओढीत शेवटच्या घराला थेंब मिळू नये. पण शैलाबाईंचा हौद भरायचा, आणि तो हवेच्या कृपेनं. पाणी सुटलं की रिकाम्या पाइपातली सगळी हवा पुढं ढकलली जाते आणि टोकाच्या नळातून फुस्स करून बाहेर पडते. म्हणजे हवा सगळ्यात आधी शैलाबाईंकडं आणि पाणी सगळ्यात शेवटी. मधल्या वेळात बाकी गल्लीला पत्ता नसायचा. शैलाबाई फुस्स ऐकायच्या, पहिली धार लागली की मोटारीचं बटण दाबायच्या, आणि गल्ली भानावर येईस्तोवर अर्धा हौद पदरात पडलेला असायचा. लोक याला नशीब म्हणत. शैलाबाई हजेरी म्हणत.

हजेरी लावायला त्या एकट्याच होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा चिन्मय पुण्यात. शिकणाऱ्या पोरांचे डबे करून त्यांचं चालायचं. पाणी नाही तर डबे नाहीत. आणि चार दिवस डबा चुकलेला पोरगा दुसरी मेस बघतो, मग रस्त्यात दिसला तर नमस्कार तेवढा मनापासून करतो. म्हणून पाण्याच्या दिवशी त्या आंघोळीला गेल्या तरी कान बाहेर ठेवून जायच्या. अर्थात पाण्याच्या दिवसापर्यंत आंघोळीपुरतं पाणी उरलेलं असलं तर.

त्यात माहेराहून, कन्नडहून, भावाचा, वैजनाथचा फोन आला. आई जेवत नाही, सारखं तुझं नाव घेते, ये. हा फोन तिसऱ्यांदा आला होता, आणि या वेळीही पाण्याचा दिवस जवळ आलेला. पहिल्या वेळी पाणी उद्यावर होतं. दुसऱ्या वेळी शैलाबाई पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेल्या होत्या आणि मागं नळ फुसफुसला. पिशवी फाटकालाच लटकत राहिली, त्या मोटारीकडं धावल्या, आणि हौद भरल्याचा आनंद झाला याची त्यांना नंतर दोन दिवस लाज वाटत होती.

समोरच्या ओळीला व्हॉल्व्ह वेगळा, त्यांचा पाण्याचा दिवसही वेगळा. तिथल्या आशाबाईंना शैलाबाईंनी विचारून पाहिलं. आशाबाई मनानं मोकळ्या.

"बटन दाबायला मी पळत येईन, ताई," त्या म्हणाल्या. "पण दिवसभर नळाकडं बघत बसणं नाय व्हायचं. बघायला माझ्या घरी सासू हाय."

म्हणजे प्रश्न फक्त बघण्याचा होता. तो शैलाबाईंनी चिन्मयच्या जुन्या कॉम्प्युटरवर सोडवायचं ठरवलं. घरून थेट प्रक्षेपण कसं करावं याचे धडे फोनवर ढिगानं होते. त्यांना सापडलेला धडा गेम खेळणाऱ्या एका हिंदीभाषी तरुणाचा होता. चाहत्यांशी कसं जोडलं जावं हे तो कळकळीनं सांगत होता. शैलाबाई चाहत्यांचा भाग पुढं ढकलत बाकीचं लिहून घेत होत्या. फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. व्हिडिओच्या साइटवरची लांबलचक किल्ली त्यात चिकटवली. परवानगीचं बटण दाबलं, तर पहिल्याच प्रक्षेपणासाठी एक दिवस थांबा, असं उत्तर आलं. आईला हे कुणी कळवायचं, ते साइटनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर काळोख. कॅमेरा जोडला होता, पण काय दाखवायचं हे सॉफ्टवेअरला सांगायचं राहिलं होतं. सांगितलं तर नळ उलटा दिसायला लागला. सरळ केला तर दर मिनिटाला चित्र गोठायला लागलं, कारण घरचं इंटरनेट माहिती ओढायला बरं आणि पाठवायला चिक्कू. शेवटी चित्राचा दर्जा इतका उतरवला की नळ आहे हे माहीत असलेल्यालाच नळ दिसावा. आवाज मात्र स्वच्छ येत होता. कॅमेरा खिडकीच्या गजाला डब्याच्या रबरानं बांधला, कॉम्प्युटर आणि राउटर इन्व्हर्टरवर घेतले. नाव देणं सक्तीचं होतं, म्हणून 'नळ' लिहिलं. वर्ग निवडणं सक्तीचं होतं, म्हणून शिक्षण निवडलं.

कोण पाहू शकेल, हा शेवटचा प्रश्न. खासगी ठेवलं तर आशाबाईंना दिसणार नव्हतं, आणि कन्नडला रेंज गेली तर निदान त्यांनी पाहावं अशी सोय हवी होती. शैलाबाईंनी 'सर्वांसाठी' वर टिचकी मारली. आपला नळ बघायला कोण येणार आहे?

पाण्याच्या दिवशी सकाळी घराची चावी आशाबाईंकडं देऊन त्या निघाल्या. एसटीत त्यांनी फोन हातातून सोडला नाही. पडद्यावर नळ, खाली बादली, कोपऱ्यात पाहणाऱ्यांचा आकडा: दोन. एक आपण, एक आशाबाई.

आई, द्वारकाबाई, खाटेवर लहान झाली होती. तिनं शैलाबाईंचा हात धरला, आणि तो उजवा असल्यामुळे शैलाबाईंना फोन डाव्या हातात घ्यावा लागला. वैजनाथनं बाहेर बोलावून डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. ते ऐकतानाही त्यांची एक नजर खाली होती. त्यानं ते पाहिलं आणि शेवटचं वाक्य पुन्हा सांगितलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

दुपारी त्या परत खाटेशी बसल्या तेव्हा आकडा सदतीस झाला होता. साइट बिघडली असावी असं त्यांना आधी वाटलं. मग चित्राशेजारी ओळी उमटायला लागल्या. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या अप्पारावांच्या सुनेनं शैलाताईंच्या डोक्याला दाद दिली होती. कुणीतरी कॅमेरा थोडा डावीकडं घ्या, अशी सूचना केली होती. शैलाबाईंनी आशाबाईंना फोन लावला.

"गल्लीच्या ग्रुपवर मीच टाकलं," आशाबाई अभिमानानं म्हणाल्या. "म्हणलं, बघू द्या लोकांना, आमच्या ताईला काय काय येतं."

"आशाबाई, बंद करा. आत्ता जाऊन कॉम्प्युटरचं बटण..."

तेवढ्यात फोनमधून फुस्स आवाज आला.

तो शैलाबाईंनी कन्नडला ऐकला, आणि गारखेड्यात छत्तीस जणांनी त्यांच्याबरोबर ऐकला. इतकी वर्षं त्यांच्या एकटीच्या मालकीची असलेली हवा आता सार्वजनिक झाली होती. शेजारच्या ओळी भराभरा वर सरकल्या: हवा आली. मोटारी तयार ठेवा. धन्यवाद ताई.

नळानं खाकरून बोटभर धार सोडली. पडद्यात आशाबाईंच्या साडीचा काठ धावत आला. बटण दाबल्याचा आवाज झाला, मोटार घरघरली. धार करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग नळ उलटा हवा आत ओढायला लागला. वरच्या अंगाला अख्खी गल्ली एका क्षणी ओढत होती. कोरडी मोटार आणखी चालली तर जळणार, म्हणून शैलाबाईंनी फोनवर आशाबाईंना ती थांबवायला सांगितलं. आशाबाईंचा आवाज पार उतरला होता.

"ताई, माझ्या ध्यानातच आलं नाय वो."

शैलाबाईंनाही ते दोन दिवस ध्यानात आलं नव्हतं, त्यामुळे रागवायची सोय नव्हती. आता कॉम्प्युटर बंद करू का, असं आशाबाईंनी विचारलं. पण गल्लीतल्या बायका पुढच्या पाळीलाही चालू ठेवा म्हणतायत, असंही जाता जाता सांगितलं.

हौदात तळ झाकण्यापुरतं होतं. डबे बंद. पोरं दुसरी मेस बघणार, आणि रस्त्यात नमस्कार करणार. पडद्यावरचा आकडा उतरत होता: वीस, नऊ, तीन. मग एकच राहिला. तो त्यांचाच होता. त्या तरीही कोरड्या नळाकडं बघत राहिल्या.

द्वारकाबाईंनी डोळे उघडले. लेकीच्या तोंडाकडं, मग तिच्या डाव्या हाताकडं पाहिलं.

"कुणाची वाट बघतीस गं मघापासून?"

"पाण्याची."

"आलं?"

"येऊन गेलं."

 म्हातारीचा श्वास मधेच अडून पुन्हा लागत होता.

"मग बस की आता," ती म्हणाली.

शैलाबाईंनी फोन उताणा होता तो पालथा ठेवला. पुढचं पाणी आठवड्यानं. तोवर धावत परतावं असं गारखेड्यात काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी वैजनाथला जे सांगितलं होतं, ते दिवसांत होतं; त्यात आठवड्याचा उल्लेख नव्हता. त्यांनी स्टूल खाटेला टेकवलं, मोकळा झालेला डावा हातही आईच्या हातावर ठेवला, आणि बसल्या.